शिवसागरातली जुनी शिडाची बोट आणि साताऱ्यात बांधून घेतलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर

आधी मार्क देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे होतील. ट्रान्सफॉर्मरला (काठाची वीज आणि बोटीची वीज एकमेकांपासून तोडून ठेवणारा तो) पाचपैकी साडेचार. तो बांधणाऱ्या वर्कशॉपला वेळ पाळण्याबद्दल दोन. आणि ज्या पत्र्याच्या पेटीत घालून त्यांनी तो दिला त्या पेटीला शून्य; ती मी बदलली. आरसीबीओ (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), निळे इंडस्ट्रियल प्लग, रबर केबल हा बाकीचा माल बाजारातला आहे, त्याबद्दल ओघात येईलच.

साताऱ्यात शिडाची बोट कुठून आली, असं वाटणाऱ्यांसाठी थोडं. कोयनेचं शिवसागर बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरलेलं आहे. वासोट्याला जाणारे हे पाणी ओलांडूनच जातात. मोटारबोटी तिथं भरपूर; शिडाची मात्र आमच्या दाजींची. फायबरची, चोवीस फुटी, ऐंशीच्या दशकात बांधलेली. मुंबईच्या एका गृहस्थांना ती विकून टाकायची होती, दाजींना हौस होती. डोलकाठी उतरवून ट्रकवर घातली आणि घाट उतरून आणली. दाजींचं तापोळ्याच्या अंगाला पाण्याकाठी कृषी पर्यटन आहे. आलेले पाहुणे बोटीत बसतात, फोटो काढतात, एखादं कुटुंब हौसेनं रात्री आतच झोपतं. आत छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, बॅटरीचा चार्जर. या सगळ्याला काठावरून एक केबल.

मी आयटीआयत वायरमन ट्रेड शिकवून रिटायर झालो. त्यामुळं नात्यात कुणाचाही बल्ब गेला तरी फोन मला. पण आक्काचा हा फोन बल्बचा नव्हता. "अरे, पाव्हण्यांची पोरं पोहताना बोटीच्या शिडीला हात लावला की मुंग्या येतात म्हणतायत. दाजी म्हणतात थंडीनं येत असतील." मी फोनवरच सांगितलं, पोरं बाहेर काढ, मेन स्विच पाड आणि मी येईपर्यंत त्या केबलला कुणी हात लावू नका.

जाऊन पाहिलं ते असं. धक्क्यावरच्या खोलीतून साधी पांढरी पीव्हीसी केबल आलेली, उन्हानं कडक झालेली. बोटीवर वीज आत घ्यायचं इनलेट नाहीच. भिंतीवर असतो तसला पंधरा अँपिअरचा सॉकेट बाहेर बसवलेला आणि केबलच्या दोन्ही टोकांना मेल पिना. म्हणजे बोटीकडचं टोक निसटलं, की पितळी पिना उघड्या, जिवंत, ओल्या फळ्यांवर पडलेल्या. जनरेटरवरून घराला लाइट द्यायला अशी केबल करणारे महाभाग आपल्याकडं गावोगाव आहेत. आत फेजला एक किटकॅट फ्यूज आणि न्यूट्रलला एक. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर सगळं बंद दिसतं आणि फेज मात्र आत हजर असते. वायरी जुन्या तीन-वीसच्या, टणक तारेच्या. बोटीसारख्या हलत्या जागेत अशी तार स्क्रूखाली चिरते. टोकांना हिरवा कळंक. चार्जरची वायर इंजिनाच्या ब्रॅकेटवर घासून सोललेली, तिथं ओल धरलेली. मुंग्यांचं मूळ ते. इंजिनातून शाफ्ट, शाफ्टातून बोट ढकलणारा पंखा, पंखा पाण्यात. आणि स्टीलची शिडी त्याच इंजिनाला जोडलेली. शिडी आणि काठाच्या चिखलात ठोकलेली सळई यांच्यात मीटर लावला तर पस्तीसच्या आसपास व्होल्ट.

दाजी म्हणाले, "पण अर्थिंग आहे की!" आहे. खोलीमागं पाइप पुरलेला आहे. अर्थ टेस्टर लावला, ६० ओहम आले. तो सगळा पट्टा जांभ्याचा, पावसाळा सरला की जमीन कोरडी ठाक, त्यामुळं नवल नाही. आता हिशेब करा. २३० व्होल्टची फेज अंगाला पूर्ण चिकटली तरी ६० ओहममधून जाणार जेमतेम पावणेचार अँपिअर. पंधरा अँपिअरचा किटकॅट त्याकडं ढुंकूनही बघत नाही. फ्यूज शाबूत, पंखे चालू, फ्रिज गार, आणि इंजिन, शिडी, रेलिंग सगळं जवळजवळ मेन लाइनच्या दाबावर. हा हिशेब मी वर्षानुवर्षं फळ्यावर मांडला आणि पोरांनी तो परीक्षेपुरता पाठ केला. इथं तो पाण्यात उभा होता.

आणि पाणी गोडं. समुद्रावरच्या बोटवाल्यांना हा मुद्दा पटकन पटत नाही. खारं पाणी विजेला माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी चांगलं वाट देतं, त्यामुळं गळती झाली तर करंट माणसाच्या भोवतीनं निघून जातो. गोड्या पाण्याला विरोध जास्त. माणसाचं आतून खारट शरीर त्याहून सोपी वाट. धक्क्याजवळ पोहणारा माणूस काही न धरताही त्या दाबाच्या उतारात सापडतो. दहा मिलिअँपिअरच्या पुढं स्नायू आखडायला लागतात. हात मारता येत नाहीत आणि माणूस बुडतो. अंगावर भाजल्याची खूण नसते, बघणाऱ्याला वाटतं पोहता येत नव्हतं. मदतीला उडी मारणाराही त्यातच. म्हणून तळ्यावर, धरणावर काठाची वीज घेणारी बोट, तरंगती जेटी, हाउसबोट काहीही असो, तिथं हे काम चैनीचं नाही.

आता उपायांकडं. पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो, तो म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दुकानात अजून ईएलसीबी म्हणूनच मागावा लागतो. तो दारावरच्या हिशेबनिसासारखा: फेजनं किती गेलं, न्यूट्रलनं किती परत आलं, एवढंच मोजतो आणि फरक पडला की दार लावून घेतो. अर्थिंग वाईट असलं तरी त्याचं काम चालतं. ६० ओहमवर ३० मिलिअँपिअर म्हणजे दोन व्होल्टही नाहीत. दुकानदार "हाच घ्या, उगाच पडणार नाही" म्हणून १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा हातात देतो. तो आगीपासून वाचवायचा, माणसासाठी नाही. परत द्या. दुसरं, टाइप एसी आणि टाइप ए असे दोन प्रकार येतात. आजकालच्या चार्जरमधून गळती झाली तर ती तुटक डीसीच्या रूपात येऊ शकते आणि टाइप एसीला ती नीट कळत नाही. टाइप ए घ्यावा. मी एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला आरसीबीओ घेतला, डबल पोल, १६ अँपिअर, चांगल्या कंपनीचा, अडीच-तीन हजारांच्या घरात. साताऱ्यात शेल्फावर टाइप एसीच होते. टाइप ए मागवून घ्यावे लागले.

बरेच जण इथंच थांबतात. घरासाठी हे ठीक आहे, बोटीसाठी नाही. कारण आरसीबीओ तोडतो फेज आणि न्यूट्रल. अर्थची वायर तो तोडत नाही, तोडायचीही नसते. दाजींच्या त्या ६० ओहमच्या पाइपावर बोटच नाही तर विहिरीवरची सबमर्सिबल, स्वयंपाकघरातला गिझर, वाडीतल्या दिव्यांचे खांब असं सगळं बांधलेलं आहे. उद्या मोटारीचं वाइंडिंग बॉडीला लागलं, की तो दाब अर्थच्या वायरीवरून सरळ बोटीत येणार, इंजिनातून पाण्यात उतरणार आणि बोटीचा आरसीबीओ तोंड मिटून बसणार. त्याच्या हिशेबात फेज-न्यूट्रल बरोबर आहेत. दोष दुसऱ्याचा, धक्का आपल्या शिडीला. मग अर्थची वायर कापून टाकावी का? नाही, मग बोटीतला स्वतःचा दोष पाण्यातूनच वाट काढणार. या पेचातून सुटायचा सरळ मार्ग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. काठाची वीज एका वाइंडिंगला (प्रायमरी), बोटीची दुसऱ्या वाइंडिंगवर (सेकंडरी), मधे तारेचा संबंध नाही. बोटीत गळणारा करंट परत जायला काठाचा पाइप शोधत नाही, त्याला स्वतःच्या वाइंडिंगकडं जायचं असतं. काठाची अर्थ बोटीच्या लोखंडापर्यंत पोचतच नाही.

गॅल्व्हानिक आयसोलेटरही पाहिला. व्हिक्ट्रॉन कंपनीचा व्हीडीआय-१६ लहान, बंदिस्त, बसवायला सोपा. पण तो अर्थच्या वायरीत बसणारा डायोडचा संच. सव्वा-दीड व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतो आणि एसीचा दोष आला तर मुद्दाम जाऊ देतो. शेजारच्या बोटींच्या धातूंमुळं आपला शाफ्ट आणि पंखा खाल्ला जाऊ नये यासाठी तो आहे. समुद्रावर मरीनात बोट असेल तर डोळे झाकून घ्या. आमच्या दुखण्याला तो लागू नव्हता. (जाता जाता: दाजींच्या बोटीला झिंकचे अॅनोड, म्हणजे शाफ्टाऐवजी स्वतः झिजायला लावलेले तुकडे, तसेच होते. गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो आणि ते निवांत पडून राहतात. तिथं मॅग्नेशियमचे लागतात.)

ट्रान्सफॉर्मर बाहेरचा घ्यायचा की इथं बांधून घ्यायचा, यावर दाजींशी बरीच चर्चा झाली. आयात केलेले दिसायला देखणे, हलके, सॉफ्ट स्टार्ट (चालू होतानाचा झटका आवरणारी सोय) आतच. पण किंमत आमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट, आणि मला इनपुटला टॅप (येणाऱ्या कमी-जास्त व्होल्टप्रमाणं निवडायचे वेगळे जोड) हवे होते, ते हवे त्या व्होल्टला कुणी देत नव्हतं. संध्याकाळी पाहुण्यांचे गिझर लागले की धक्क्यावर १९५ व्होल्ट मिळतात. ज्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे त्याच पाण्याच्या काठाला ही गत, पण ते असो.

सातारच्या जुन्या एमआयडीसीत एक वाइंडिंगवाले आहेत. नाव देत नाही. एकटे माणूस, हाताखाली एक पोरगा, आणि मागच्या कामांचा ढीग आधीच दारापर्यंत आलेला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पोवई नाक्याच्या आसपास मोटर रिवाइंडिंगचं कुठलंही जुनं दुकान गाठा आणि "कंट्रोल ट्रान्सफॉर्मर कोण चांगला भरतो" विचारा, पोचाल. कारखान्यांच्या पॅनेलचे ट्रान्सफॉर्मर भरण्यात त्यांचा हात बसलेला आहे. बोटीचं काम त्यांनी आधी केलेलं नव्हतं, आणि "बोटीला ट्रान्सफॉर्मर? मासे धरायला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

काम मात्र बघत राहावं असं. मी मुद्दाम जाऊन बसायचो. दोन केव्हीए, ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा कोअर, पूर्ण तांबं. ॲल्युमिनियम चालेल का म्हणून त्यांनी विचारलंच नाही, मीच खातरजमा केली तर जरा रागावले. बॉबिनवर पहिली फेरी हातानं दाबून बसवतात, मग मशिनचं हँडल फिरवताना डाव्या हाताच्या दोन बोटांत तार धरून ताण ठेवतात. प्रत्येक थरावर इन्सुलेशन पेपर, आणि पेपर कडेला चिमटीभर जास्त ठेवून आत दुमडलेला, म्हणजे कडेची तार खालच्या थरात घसरत नाही. ही दुमड घाईत काम करणारा ठेवत नाही. प्रायमरी संपल्यावर तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा, दोन वाइंडिंगांमधला पडदा. याची दोन टोकं एकमेकांवर येतात पण मधे पेपर. टोकं चिकटली तर तोच एक शॉर्ट वेढा होऊन ट्रान्सफॉर्मर जळतो. अण्णांनी पेपर घातला, वर बोट फिरवलं, मीटर लावून मला दाखवलं आणि मगच सेकंडरी सुरू केली. शेवटी वार्निशात बुडवून भट्टीत.

घोटाळा झाला तो जोडणीत. या तांब्याच्या पडद्याची तार आणि कोअरची बॉडी, दोन्ही त्यांनी एकाच अर्थ बोल्टला नटाखाली घेतली. कारखान्यात तसंच करतात आणि तिथं ते बरोबर आहे. बोटीत तेवढ्यानं सगळ्या खर्चावर पाणी. पडद्याची तार जायला हवी काठाच्या अर्थला, बॉडी जायला हवी बोटीच्या अर्थला, आणि दोघांची गाठ कुठंही पडता कामा नये. एका बोल्टवर आली की काठाची अर्थ परत बोटीत, म्हणजे मोटारीचा दोष परत शिडीला.

अण्णा ऐकेनात. "सर, तीस वर्षं असंच देतोय. अर्थ दोन कशाला ठेवायच्या?" मी कागदावर काठ, बोट, विहिरीची मोटार आणि पाण्यातलं पोरगं असं चित्र काढून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ कागद बघितला, मग पोरग्याला हाक मारली, "दोन नंबरचा पाना आण." बोल्ट सुटला. पडद्यासाठी फायबर वॉशर घालून वेगळा टर्मिनल केला, त्याला लाल रंग लावला आणि शेजारी खिळ्यानं "काठ" असं कोरलं. तो कागद त्यांनी ठेवून घेतला. मी इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर नेला होता. प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-बॉडी, पडदा-बॉडी, तिन्ही ठिकाणी काटा इन्फिनिटीला टेकला. तुम्ही बांधून घेतलात तर ही तपासणी तुमच्यासमोर करायला लावा. मागितल्याशिवाय टेस्ट रिपोर्ट मिळत नाही, मागितल्यावर वहीच्या पानावर मिळतो.

टॅपबद्दल सावध करतो. २००, २१५ आणि २३० असे तीन दिले आहेत. संध्याकाळी १९५ येतात तेव्हा २०० च्या टॅपवर बोटीत २२४ मिळतात, फ्रिज खूश. पण मध्यरात्री गावाचा लोड उतरला आणि काठावर २४० आले, तर त्याच टॅपवर बोटीत २७६ होतात आणि चार्जर फटाक्यासकट जातो. त्यामुळं आउटपुटला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले घेतल्याशिवाय टॅपच्या भानगडीत पडू नका. आमचा २५० च्या वर तोडतो. दाजी आता बहुतेक वेळ २१५ वरच ठेवतात.

दुसरी अडचण चालू करताना. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी स्विच टाकल्याच्या क्षणी कोअर भरायला मोठा झटका घेतो, कधी कधी नेहमीच्या करंटच्या दहापट. धक्क्यावर बी कर्व्हची, म्हणजे लहान झटक्यालाही पडणारी एमसीबी होती, ती दर दोन-तीनदा चालू करताना एकदा पडायची. मोठा झटका सोसणारा सी कर्व्हचा आरसीबीओ बसवल्यावर फरक पडला, तरी रुखरुख राहिलीच. अण्णांनी एक रेझिस्टर आणि टायमरवरचा कॉन्टॅक्टर जोडून दिला. अर्धा सेकंद रेझिस्टरमधून, मग थेट. "खट्" असा आवाज येतो आणि पडत नाही. याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता पेटी. पत्रा पातळ, पावडर कोटिंगच्या आत कडांना कच्चा पत्रा उघडा, केबल ग्लँड साध्या. एका पावसाळी हवेच्या आठवड्यात कडांना तांबेरा दिसला. ती जागा महाबळेश्वराच्या कुशीतली आहे, तिथं घरातल्या चपलांनाही बुरशी येते. कारखान्याच्या कोरड्या शेडमध्ये चालणारी पेटी इथं चालणार नाही हे त्यांना सांगूनही त्यांनी नेहमीचीच दिली. मी स्टेनलेसची बनवून घेतली, खाली जाळी, वर हवा जायला झाप. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी अंग कोमट ठेवतो, त्याला हवा लागते, आणि बॅटरीच्या खणात तो अजिबात ठेवायचा नाही; चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वर कॉन्टॅक्टरची ठिणगी.

वजन वीस-बावीस किलोच्या घरात. शिडाच्या बोटीला एका बाजूला एवढं वजन खपत नाही, म्हणून आत उतरायच्या पायऱ्यांखाली, मधोमध बसवला. दाजींचं म्हणणं होतं, तो काठावर खोलीतच ठेवू, बोटीत कशाला ओझं. समुद्रावर किंवा पक्क्या धक्क्यावर तसं करता येतं. पण शिवसागराचा काठ जागेवर कुठं राहतो? ऑगस्टात पाणी खोलीच्या पायरीला आणि मे महिन्यात उतरत उतरत पार खाली, मधे नुसता भेगाळलेला चिखल. बोट पाण्यामागं जाते, वीज कधी या खोलीतून तर कधी खालच्या शेडमधून घ्यावी लागते. ट्रान्सफॉर्मर बोटीबरोबर असलेलाच बरा. आवाज आहे. रात्री सगळं शांत झालं की पायऱ्यांजवळच्या बाकावर झोपणाऱ्याला गुणगुण ऐकू येते. खाली रबरी पॅड घातल्यावर कमी झाली, गेली नाही. पाचातला अर्धा मार्क तिथं कापला.

आता जोडणी अशी आहे. धक्क्यावर प्लास्टिकच्या वॉटरप्रूफ पेटीत टाइप ए आरसीबीओ आणि सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या विजा त्या डोंगरात काय असतात ते तिथं राहणाऱ्यालाच विचारा. पुढं निळा तीन पिनी १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट, फिरवून घट्ट होणाऱ्या रिंगचा, पाणी आत न घेणारा आयपी ६७. नुसत्या झापाचे आयपी ४४ स्वस्त मिळतात, तोंडावर पाऊस आला की आत ओल जाते. बोटीवर मेल पिनांचं इनलेट, त्यामुळं केबलच्या बोटीकडच्या टोकाला फीमेल. उघडी जिवंत पिन कुठंच नाही. जोडताना आधी बोटीकडं, मग काठाला. काढताना उलट. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक बोटीच्या अर्थला बांधून तिथं न्यूट्रल केला, आणि त्यापुढं बोटीसाठी दुसरा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ. काठावरचा आरसीबीओ केबल आणि प्रायमरी सांभाळतो, आतला बोट सांभाळतो, दोन्ही लागतात. बोटीतला इन्व्हर्टर आणि काठाची वीज चेंजओव्हर स्विचमधून, म्हणजे दोन्ही एकदम कधीच लागू शकत नाहीत. किटकॅट मी आठवण म्हणून काढून आणले, आयटीआयतल्या नव्या मास्तरांना दिले.

केबलवर गावातल्यांचं एकमत होतं: सबमर्सिबलची चपटी केबल घ्या, पाण्यात वर्षानुवर्षं राहते. राहते हे खरं, पण ती तीन फेजची. लाल, पिवळी, निळी एवढ्याच; अर्थची हिरवी नाही. रात्री घाईत टोक बदलणारा कुठली वायर अर्थ धरेल याचा भरवसा काय? मी गोल, तीन कोअरची रबर फ्लेक्सिबल घेतली, २.५ स्क्वेअर एमएम. चाळीस मीटरला, दहा अँपिअरवर सहा व्होल्टच्या आसपास पडतात, तेवढं परवडतं. १.५ घेतली असती तर पावणेदहा पडले असते, आणि आधीच १९५ असताना ते कुणाला हवंय.

झाल्यावर आयटीआयतून आरसीबीओ तपासायचा आरसीडी टेस्टर मागून आणला. धक्क्यावरचा २२ मिलिअँपिअरला पडला. १५ ते ३० च्या मधे पडायला हवा, तर हे झकास. टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं काम आक्कानं स्वतःकडं घेतलंय, कारण दाजींच्या लक्षात राहणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. दमट हवेत न हललेला आरसीबीओ आतून जखडतो आणि वेळेला पडत नाही, म्हणून हे बटण. मग मुद्दाम विहिरीच्या मोटारीच्या बॉडीला दिव्यातून फेज लावून बघितली, पाण्यात कुणी नसताना. धक्क्याच्या अर्थवर मीटरनं वीस-बावीस व्होल्ट दाखवले. बोटीच्या शिडीवर आणि चिखलातल्या सळईत मीटर शून्याच्या आसपास. ही चाचणी घरी कुणी करू नये. मी हातमोजे घालून, शेजारी मेनवर माणूस उभा करून केली.

पैशाचं बोलायचं तर ट्रान्सफॉर्मर, रिले, कॉन्टॅक्टर मिळून अठरा हजारांच्या आत, जीएसटी वेगळा. माझी स्टेनलेसची पेटी, केबल, दोन आरसीबीओ, प्लग-सॉकेट धरून सगळं पस्तीस हजारांच्या आसपास गेलं. दाजी कुरकुरले, आक्कानं एकदाच त्यांच्याकडं बघितलं आणि विषय संपला.

ज्यांना अण्णांकडं जायचंय त्यांच्यासाठी: निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. तीन आठवडे सांगतील, दुप्पट धरा. फोन दुपारी जेवायच्या आधी करा, नंतर मशिन चालू असतं आणि ते उचलत नाहीत. पेटी आपली न्या. पडद्याचा टर्मिनल वेगळा हवा हे सुरुवातीलाच सांगा. आता ते वाद घालत नाहीत, ड्रॉवरमधून माझा कागद काढून दाखवतात.